भाऊबीजेचा प्रिंटर

कुणाच्या भावानं ओवाळणीत काय घातलं, याची चौकशी आमच्या फुलेवाडीच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी पाणी भरतानाच होते. मी दरवर्षी "साडी" एवढंच म्हणायचे आणि घागर उचलायचे. ती साडी वहिनीला कुणीतरी नेसवलेली आणि तिला नको झालेली असायची. शिवणकाम करणाऱ्या बाईला घडीवरूनच कळतं, पण बोलायचं कसं?

त्या वर्षी मात्र भाऊ माहेराहून, मलकापूरकडून मोटरसायकलला मागं दोरीनं आवळलेलं मोठं खोकं घेऊन आला. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. खोक्यात प्रिंटर होता. बिनवायरचा, झेरॉक्सही काढणारा.

"पोरगी झेरॉक्सवाल्याकडं हेलपाटे मारून दमती म्हणालीतीस की आक्का," तो म्हणाला. "आता घरात काढू दे काय काढायचं ते."

मुलगी पॉलिटेक्निकला होती. फोनवर कधीतरी सहज बोललेलं धाकट्या भावानं ध्यानात ठेवलं, याचंच मला भरून आलं. वडील जाऊन वर्ष उलटलं होतं, त्यांच्यामागं पहिल्यांदाच दिवाळी करत होतो, आणि वडिलांसारखं कुणीतरी माझं ऐकलं होतं. कोल्हा काकडीला राजी, तशी मी त्या खोक्याला राजी झाले.

आमच्या घरात मिक्सरपासून गाडीपर्यंत कुठलीही वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. मी प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वरून अक्षता टाकल्या. कागद उभा करायची फट मागं उघडी होती. तांदूळ थेट आत गेले. पहिलाच कागद करकर आवाज करत चुण्या पडून बाहेर आला, तसा भाऊ ओरडला, "आगं, मशीन हाय का बैल? खायाला घातलंयस त्येला!" आम्ही पोट धरधरून हसलो. मग मुलीनं माझ्या ओव्हरलॉक मशीनमध्ये दोरा ओवायच्या चिमट्यानं एकेक दाणा टिपून काढला. आतल्या काचेवर कुंकवाचं बोट लागलं होतं, ते पुसलं तरी गेलं नाही. तेव्हापासून आमच्या घरातून निघालेल्या प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात लाल डाग असायचा.

जोडणी करताना भाऊ घामाघूम झाला. निळा दिवा लुकलुकायचा आणि बंद पडायचा. कधी वायफायचा पासवर्ड चुकायचा, कधी फोनला प्रिंटरच दिसायचा नाही. मुलगी सांगत होती, "मामा, माझ्या फोनवरनं करूया." तो ऐकेना. शेवटी फोननं ईमेल मागितला.

"आक्का, तुला ईमेल हाय?"

"मला कशाला ईमेल? ब्लाऊज शिवायला लागतो का?"

"माझा घाला मामा," मुलगी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, मी माझा घातला," तो म्हणाला. "कुणाचाबी असला तर काय हुतंय?"

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गॅसचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, माझ्या फोनचं सिमकार्डसुद्धा नवऱ्याच्या नावावर. प्रिंटर भावाच्या नावावर, एवढंच नवं होतं.

दिवा स्थिर झाल्यावर त्यानं ऐटीत सांगितलं की आता तो गावाकडं बसूनही इथं कागद काढू शकतो. आणि दाखवायला आपल्या फोनमधला आईचा फोटो छापला. अंगणात शेंगा फोडत बसलेली आई आमच्या हॉलमध्ये हळूहळू डोक्यापासून पायापर्यंत उतरली. मी टाळ्या वाजवल्या. आज आठवलं की स्वतःचेच हात झोडावेसे वाटतात.

माघातली गोष्ट. दुपारी मी एकटीच कापड बेतत बसले होते. कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप जागा झाला, घुरघुरला आणि एकामागून एक कागद टाकायला लागला. मला वाटलं, मुलीनं कॉलेजातून काही पाठवलं असेल. उचलून बघते तर वर माझं नाव, पुढं वडिलांचं, नवऱ्याचं, आमच्या गावचा गट नंबर. आणि खाली लिहिलेलं की ओढ्याकाठच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावावरच्या प्रेमापोटी, राजीखुशीनं, काहीही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे.

वडिलांच्या मागं सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती, आई, भाऊ आणि मी. हे मला माहीत होतं. त्याचं पुढं काय करायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. कागद हातात असतानाच फोन वाजला.

"निघालं का समदं?" भाऊ म्हणाला. "हक्कसोड हाय. वकिलानं कच्चं करून दिलंय. वाचून ठिव. आनि तुझं आधार, पॅन त्या काचेवर ठिवून झाकण लाव, हिकडं येतंय मला. मग एक दिवस मलकापूरला ये, सही कर, जेवूनच जा."

"तोंडानं विचारता आलं नाही होय रे?"

"त्यात इचारायचं काय? समद्याच भैनी करत्यात की."

मला जमिनीचा लोभ होता का? खरं सांगते, तोवर नव्हता. माझ्यासमोर बसून "आक्का, माझं भागत न्हाय, सोडतीस का?" असं म्हणाला असता, तर मी बहुतेक सही केली असती. पण भाऊबीजेला माझ्या हातची बासुंदी खाताना हे त्याच्या पोटात होतं. ताकाला आला होता आणि भांडं लपवून बसला होता. त्या ओढ्याकाठी लग्नापर्यंत दर पावसाळ्यात मी वडिलांबरोबर वाकून भात लावलाय. तेव्हा हा शाळेत होता, चिखलाला नाक मुरडायचा. आता त्या शेतातून मी राजीखुशीनं निघून जायचं होतं, आणि तसं माझ्याच घरातल्या मशीननं मला छापून दिलं होतं. मला इतका संताप आला की बेतलेली बाही मी उलटी कापली.

नवऱ्याला दाखवलं. पेठापेठांतल्या फुटबॉल सामन्यांवर तासभर तावातावानं बोलणारा माणूस, कागद वाचून म्हणाला, "तुमच्या घरातलं हाय. मी कशाला मधी पडू?" आणि जेवायला बसला. जेवताना आमटीत मीठ कमी असल्याचं मात्र त्यानं सांगितलं.

आईला फोन केला. आई माझी बाजू घेईल अशी माझी खात्रीच होती.

"कर जा सही," आई म्हणाली. "मी न्हाय केली? माझ्या भावांनी मला लुगडं नेसवलं, पुरणपोळी घातली. वाकडं कशाला व्हायचं भावाबरबर? म्हायेर ऱ्हायला पायजे बाईला."

"तुझं राहिलं का? आम्ही मामांच्या घरी कधी गेलो सांग की."

"त्यास्नी सवड नसायची," ती म्हणाली आणि दूध तापत ठेवलंय म्हणून तिनं फोन ठेवला.

मामांची घरं मलकापूरच्या वाटेवरच, बांबवड्याच्या अलीकडं होती. मी ती एस.टी.च्या खिडकीतून बघितली होती, आतून कधीच नाही.

मी आधार पाठवलं नाही की पॅन पाठवलं नाही. भाऊ मात्र कागद पाठवत राहिला. कधी माझ्या नावातली वेलांटी दुरुस्त करून, कधी साक्षीदारांची नावं घालून. गिऱ्हाईक बाई समोर बसलेली असायची आणि मशीन माझ्या माहेराचा निकाल ओकत असायचं. "काय छापतंय हो?" ती विचारायची. "पोरीचा अभ्यास," मी म्हणायचे. एकदा मी विजेची वायरच ओढून काढली, तर मुलीचं काम अडलं.

"मम्मी, हे मामांच्या अकौंटवर आहे," ती म्हणाली. "सगळं पुसून नव्यानं जोडूया. तुझ्या फोनवर."

"मला जमतंय का ते?"

"मी सांगते, तू दाबायचं."

तिनं सांगितलं तसं मी मागचं बटण दाबून धरलं. सगळे दिवे एकदम लुकलुकले आणि विझले. वायफायचा पासवर्ड मी एकेक अक्षर टिपून घातला, चुकला, पुन्हा घातला. मग ईमेल मागितला. पन्नाशीला आलेल्या बाईला मुलीनं पहिला ईमेल काढून दिला, आणि मालकाचं नाव विचारल्यावर मी माझं नाव लिहिलं. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, नुसतं माझं. दिवा स्थिर झाला तेव्हा मला रडू आलं. भावाच्या दिशेचं दार मी माझ्याच हातानं लावलं होतं, आणि आत मोकळा वारा लागावा तसं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मागं भाऊ उभा होता, त्याचं खाकरणं ऐकू येत होतं.

"त्याचा कागद जाईना झालाय म्हनतोय. मशीन बिघडलंय काय?"

"नाही. मी त्याचं नाव काढलंय त्यातनं. आणि सही करणार नाही म्हणून सांग त्याला."

आई हळू आवाजात म्हणाली, "मग आता तू हिकडं येनार कशी?"

"कशी म्हणजे? मलकापूरची गाडी आहे की."

"गाडी हाय गं. दार कोन उघडंल?"

"तू आहेस की घरात," मी म्हणाले. "तू उघड."

मागून भावानं विचारलं, काय म्हणती म्हणून. "मशीन बिघडलंय म्हनती," आईनं त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.