चालण्याआधीचा सत्कार

निवृत्त झाल्यावर नर्मदेची परिक्रमा पायी करायची, हे मी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. भक्तिभाव माझ्यात बेताचाच. पण सगळी उमेद सरकारी कचेरीत, पाठीला टॉवेल टाकलेल्या खुर्चीत बसून गेली होती. आता उठावं आणि लांबवर चालत जावं, एवढीच इच्छा होती. नदी उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही आणि महिनोन्‌महिने चालत राहायचं. इतका सुटसुटीत नियम माझ्या कचेरीत कधी निघाला नव्हता.

तयारी मात्र मी कचेरीच्याच शिस्तीनं केली. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी, हॉलच्या भिंतीवर नकाशा चिकटवला. मुक्काम कुठं, जंगल कुठं, हे रंगीत पेनांनी मांडलं. चालून पाय सुजतात असं वाचलं होतं म्हणून एक नंबर मोठे बूट घेतले. सॅक किती जड होते ते दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या काट्यावर पाहिलं. त्यानं आधी भाव सांगितला, मग खुलासा ऐकून हसत सुटला. बायको हे सगळं भाजी निवडता निवडता बघायची. ती येणार का, हे मी विचारलं नव्हतं आणि तिनंही काही सांगितलं नव्हतं. सकाळी मी सरावाला निघालो की चपला घालून मागोमाग यायची. "एकटे कुठं पडलात तर?" एवढंच म्हणायची.

आमच्याकडं लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला कुणी गुपचूप जाऊ देत नाही. कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांना बातमी लागली आणि त्यांनी माझा सत्कार ठेवला. मी म्हणालो, आल्यावर करा. अध्यक्ष म्हणाले, "आल्यावर पुन्हा करू." मंदिराच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या गेल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, मग भाषणं. भाषणांत मी परिक्रमा उरकूनच आलो होतो. एकाला तर माझ्या चेहऱ्यावर तेज दिसलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. शेवटी कुणाला तरी आठवण झाली म्हणून बायकोला पुढं बोलावलं, तिची ओटी भरली आणि हातावर ब्लाउजपीस ठेवला.

नारळाची चटणी झाली आणि शाल कपाटात गेली.

मग रंगीत तालीम म्हणून आम्ही दोघं पैठणला चालत निघालो. बिडकीनला ओळखीच्यांकडं रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी पैठण गाठायचं आणि एसटीनं परत यायचं. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या सकाळी बिडकीन मागं पडलं नाही तोच माझा उजवा गुडघा आखडला. कसाबसा रस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलापर्यंत पोचलो. हॉटेलवाल्या चाचांनी प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली आणि फडक्यात बर्फ बांधून दिला. "पैदल कायकू जा रै साहेब? एसटी है ना," ते म्हणाले.

मी पुन्हा खुर्चीतच बसलो होतो. बायकोनं चहा संपवला, माझी सॅक उचलून स्वतःच्या पाठीवर चढवली आणि म्हणाली, "तुम्ही एसटीनं या. मी होते पुढं."

"एकटी?"

"देवगावला रानात जायचे तवा कोण होतं माझ्यासंगं?"

तिचं माहेर देवगाव रंगारीचं. लग्नाआधी ती रोज शेतात चालत जायची हे मला माहीत होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता.

एसटी बऱ्याच वेळानं आली. खिडकीतून मला ती दिसली. पदर खोचलेला, पाठीवर सॅक, रस्त्याच्या कडेनं झपाझप चाललेली. मी हात हलवला. तिनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. सरावाला ती रोज माझ्या मागं राहायची, ती मुद्दाम राहायची, हे मला त्या खिडकीत बसून कळलं. मला तिचा हेवा वाटला. पैठण आलं तरी तो गेला नव्हता.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि यंदा परिक्रमेचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. पुढचं पुढं बघू म्हणाले. कॉलनीत जो तो विचारायचा, "काय मग, कधी प्रस्थान?" सत्कार घेऊन बसलेला माणूस काय उत्तर देणार? मी सभामंडपाकडचा रस्ता सोडून लांबून दूध आणायला लागलो. लंगडत.

एका संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "शेजारच्या कॉलनीतल्या तिघी निघाल्यात दिवाळी झाल्यावर. मी जाते त्यांच्यासंगं."

मला राग आला. बेत माझा, नकाशा माझा, सत्कारही माझा. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिनं त्याची दखल घेतली नाही, मेथीच्या दशम्यांचे प्रयोग करत राहिली. तिसऱ्या दिवशी मी नकाशा भिंतीवरून उतरवला आणि घडी घालून तिच्यापुढं ठेवला.

"नदी उजव्या हाताला ठेवायची, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग ह्याचं काय करू?"

मी शाल आणून सॅकमध्ये घातली. तिनं ती बोटांत चुरगाळून पाहिली आणि बाहेर काढली. "सत्काराच्या शालीनं थंडी जाते व्हय?" तिनं माझी माकडटोपी घेतली.

निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर पोचवायला गेलो. तिघी आधीच जागा धरून बसल्या होत्या. बायको खिडकीशी बसली, सॅक मांडीवर घेतली. ड्रायव्हर चढल्यावर तिनं काच सरकवली आणि म्हणाली, "गुडघा बरा झाला की मी असेन तिथं या. मी थांबायची नाय. पण हळू चालीन."

मी बरं म्हणालो. तिला हळू चालणं किती जड जातं, हे मी पैठणच्या रस्त्यावर पाहिलं होतं.