पहिल्या गिऱ्हाइकाची तारीख

लोककथा जमवायच्या तर निवांत माणसे शोधावी लागतात, असा माझा जुना समज होता. लोणखेड्याच्या सेवा केंद्रात बसू लागलो आणि तो गळून पडला. सरकारी संकेतस्थळ उघडेपर्यंत पडद्यावर एक चकती फिरत राहते, आणि तेवढ्या वेळात समोरच्या बाकावर एखादा किस्सा पिकून तयार होतो!

*

केंद्र सलीमभाईंचे. पूर्वी काही सरकारी साइट्स उघडताना ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना येई, आणि सलीमभाई ती न वाचता पुढे जात. केळी पिकवणारे वसंतनाना एकदा ती वाचून दचकले.

“सलीम, धोका शे असं तोच सांगी ऱ्हायना, तरी तू पुढे जास?”

“नाना, सरकारी शे म्हनीसन जास. खाजगी ऱ्हातं तर कव्हयच बंद करतू!”

*

पुढे सरकारी साइट्सना सुरक्षित, सांकेतिक जोडणी सक्तीची झाली. आपण येथे टाइप केलेले आता वाटेत कोणालाही वाचता येत नाही, हे मी नानांना समजावले. नानांनी गंभीरपणे मान डोलावली. मग ओटीपीसाठी घरी काकूंना स्पीकरवर फोन लावला आणि दारात उभे राहून एकेक आकडा खणखणीत आवाजात आत कळवू लागले.

रस्त्यापलीकडून चहावाला ओरडला, “नाना, काकू सात बोलनी, तुम्ही आठ काय सांगतस!”

*

सक्तीचा खरा फटका सलीमभाईंच्या जुन्या संगणकाला बसला. त्यातला सेल संपलेला. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई. पूर्वी त्याने काही अडत नसे. आता तारीख चुकली की ब्राउझर सरकारी साइट उघडूच देईना. म्हणून रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला तारीख विचारून ती संगणकात घालण्याचा परिपाठ पडला.

खिशात मोबाइल असताना गिऱ्हाइकाला कशाला विचारता, असे मी कुतूहलाने विचारले.

“बोहनी शे, सर!”

एका सकाळी नाना पहिले आले. तारीख विचारताच म्हणाले, “चतुर्थी.”

“नाना, सरकारले चतुर्थी चालत नही!”

हळूहळू लोक भरदुपारीही दारातूनच तारीख सांगत आत येऊ लागले. विधी रुजायला याहून अधिक कारण लागत नाही, एवढेच अभ्यासक म्हणून नोंदवतो.

*

एका सकाळी सुनंदाबाई लेकीला, रूपालीला, घेऊन आल्या. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. आदल्या दिवशी दिवसभर वीज नव्हती. यंदा प्रवेश हुकला तर लग्नाचे बघू, असे वडिलांनी बजावलेले.

“मावशी, मुदत काल संपनी,” सलीमभाई हळूच म्हणाले.

“मंग कालनी तारीख टाक ना, भाऊ! रोज तर टाकस.”

“मावशी, सरकारनं घड्याळ येगळं शे. मन्हं कोन आयकस?”

“टाक तं खरी!”

बाकावरचे सगळे हसले. रूपालीने मान खाली घातली. सलीमभाईंनी वाद न घालता कालची तारीख घातली. साइट उघडली. अर्जही उघडला! तो भरला, पाठवला, आणि प्रिंटरमधून कालच्या तारखेची पावती बाहेर आली.

मी चष्मा पुसून पडदा पुन्हा पाहिला.

सुनंदाबाईंनी पावतीची घडी घालून लेकीच्या हातात दिली आणि उठता उठता म्हणाल्या,

“आते आजनी तारीख टाकी दे, भाऊ. पोरीले उद्या कॉलेजमा कागद दाखाडाले जावानं शे!”