कोसमपाऱ्याचं रेकॉर्डिंग

मनोहरमामा गेल्याचा फोन मामीचा होता. मी नव्या रायपूरच्या मंत्रालयात माझ्या टेबलाशी बसलो होतो, समोर कुणाच्या तरी बदलीची फाइल उघडी होती. "अवी, मामा गेले रे तुझे. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, अन्... तू ये." एवढंच. तिथून जुन्या शहरात येणारा तो रुंद, रिकामा रस्ता संपता संपेना. मी रडलो नाही. मला राग येत होता. दहा दिवसांनी शोकसभा झाली तेव्हा तो आणखी भडकला, कारण सभेत एक निवृत्त अधिकारी बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, नुसतं साहेब म्हणतो. "मनोहरजी ध्वनि के सच्चे साधक थे. सच्चाई उनके काम की आत्मा थी," साहेब म्हणाले आणि सभागृहाने माना डोलावल्या. याच साहेबांच्या कार्यालयाने सहा वर्षांपूर्वी कोर्टात लिहून दिलं होतं की मनोहर देवगडे नावाच्या माणसाने खोटं रेकॉर्डिंग तयार केलं आहे. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून काही बोललो नाही. राग ओसरला की लिहीन म्हणून पाच आठवडे थांबलो. ओसरला नाही, म्हणून तसाच लिहून राहिलो.

मामा रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. आजोबा नागपूरकडून नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही सगळे रायपूरचेच झालो. लोक निवृत्त झाले की चारधाम करतात, मामांनी हाताच्या पंजात मावेल एवढा डिजिटल रेकॉर्डर घेतला. वरच्या टोकाला एकमेकांकडे तिरपे वळलेले दोन बारके माइक, पोटात मेमरी कार्ड आणि दोन पेन्सिल सेल. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून मामीने जुना मफलर उसवून त्याला लोकरीचं टोपडं विणून दिलं होतं. त्याआधी मामा टेपवर रेकॉर्डिंग करायचे आणि त्याला कंटाळले होते. "गवई रंगात आला का नेमकी कॅसेट पलटवा लागते," ते म्हणायचे, "याच्यात अख्खी मैफल मावते." गणपतीतलं गाणं असो, गोल बाज़ारमागच्या देवळातलं भजन असो, मामा तासभर आधी जाऊन रिकाम्या मंडपात टाळ्या वाजवत फिरायचे. आवाज कुठे घुमतो, कुठे बसतो ते ऐकायचे, लाउडस्पीकरपासून लांबचा एखादा खांब निवडायचे आणि त्याला रेकॉर्डर बांधायचे. बटण दाबलं की आधी स्वतःच्या आवाजात ठिकाण, दिवस, कोण गाणार, आणि शेवटी "रेकॉर्डिंग मनोहर देवगडे, सोबत अमुक" असं बोलून घ्यायचे. मग दोन-दोन तास कानाला हेडफोन लावून खांबासारखेच उभे राहायचे.

त्यांचा एक नियम होता. रेकॉर्डिंगमधलं काहीही कापायचं नाही. एकदा बाहेरून आलेल्या एका गायिकेला ऐन आलापात ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिने माणूस पाठवला की तेवढा ठसका काढून द्या, घरात वाजवायला बरं पडेल. मामा त्याला म्हणाले, "बाईंना सांगा, कापलं का मग ते मैफल नाही राहत, फोटो स्टुडिओतला फोटो होते. ठसक्यासकट पाहिजे असंल तर आत्ता देतो." बाईंनी चार दिवस फुगून शेवटी ठसक्यासकट नेलं. गुढ़ियारीकडून येणाऱ्या मालगाड्यांचे भोंगे तर मामांच्या निम्म्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत. पोट्टे हसायचे. मामा म्हणायचे, गाडी गेली होती ना? मग ती असू दे.

कोसमपाऱ्याशी त्यांची ओळख झाली ती दिवाळीच्या आधी बायका फेर धरून म्हणतात त्या सुवा गीतांमुळे. गुढ़ियारीच्या पलीकडे, रुळांजवळची ती वस्ती. मध्ये मोठं तळं, ज्याला तिथले लोक तरिया म्हणतात, आणि काठावर पन्नासेक घरं. गाणाऱ्या बायकांची म्होरकी फिरंतीनबाई, साठीची, आवाजाला धार. तिने पहिल्याच दिवशी मामांना दरडावलं, "ए मराठी बाबू, ये डब्बा म मोर आवाज खराब तो नइ होही?" डब्यात आवाज खराब तर होणार नाही ना! मामांनी तिच्या कानाला हेडफोन लावून तिचंच गाणं ऐकवलं. तिने तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग म्हणाली, "हव, मैंच हौं." हो, मीच आहे. त्यानंतर दरवर्षी मामा तिथे जायचे.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकाएकी सगळीकडे जागा कमी पडायला लागली. कोसमपाऱ्याचं तळं बुजवून तिथे बाजार संकुल करायचं ठरलं. नियमाप्रमाणे जनसुनवाई लागली, म्हणजे लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकायचं. फिरंतीनबाईने मामांना निरोप धाडला की तुमचा डबा घेऊन या. शनिवार होता, मला सुटी होती, मामांनी मलाही सोबत घेतलं. शाळेच्या मैदानात शामियाना, टेबलामागे साहेब. मामांनी उघडपणे, साहेबांना विचारून, पुढच्या बांबूला रेकॉर्डर बांधला. "हाँ हाँ, लगाइए, आप तो कलाकार आदमी हैं," साहेब हसून म्हणाले. मामांनी नेहमीसारखं बोलून घेतलं. ठिकाण, दिवस, "रेकॉर्डिंग मनोहर देवगडे, सोबत भाचा अविनाश."

दोन तासांत एकतीस माणसं बोलली. मी मोजली होती. फिरंतीनबाई सगळ्यांत शेवटी उठली. "तरिया ल पाट देहू त हमन कहाँ जाबो, साहेब? इही पानी ले मोर बिहाव के कलसा भराय रहिस." तळं बुजवलं तर आम्ही जायचं कुठे? तिच्या लग्नाचा कलश या पाण्याने भरला होता, तिच्या सुनेचाही. साहेब म्हणाले, "नोट कर लिया, अम्मा." शेजारच्या बाबूची लेखणी हललेली मी पाहिली नाही. महिन्याभराने कागद निघाला तेव्हा त्यात एकच ओळ होती, जनसुनवाई में किसी ने आपत्ति नहीं की. म्हणजे कोणीच हरकत घेतली नाही.

मामांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एकतीस माणसं, अवी! एकतीस! अन् हे म्हणतात कोणी बोललंच नाही!" वस्तीने वकील केला, मामांनी कार्ड दिलं, रेकॉर्डिंग कोर्टात गेलं. आम्हाला वाटलं, आता काय उत्तर देतील? त्यांनी सोपं उत्तर दिलं. हे रेकॉर्डिंग नंतर बसून बनवलेलं आहे, या माणसाचा धंदाच आवाज जोडायचा आहे. ज्याने आयुष्यात एक ठसका कापला नाही त्याला म्हणाले, तू आवाज जोडतोस. वस्तीच्या लोकांच्या साक्षींचा उपयोग नव्हता, ते तर तळ्याचेच. वकील म्हणाला, बाहेरचा, त्यातही सरकारी नोकरीतला एखादा माणूस प्रतिज्ञापत्र देईल की मी हजर होतो, माझ्यासमोर हे रेकॉर्ड झालं, तर फरक पडेल.

असा माणूस एकच होता. मी.

माझी तेव्हा मंत्रालयात नवी नेमणूक होती. दोनच दिवसांनी माझ्या वरिष्ठांनी मला आत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "सुना है आप किसी केस-वेस में पड़ रहे हैं?" बस्स, तेवढंच. धमकी नाही, काही नाही. मी संध्याकाळी वकिलाकडे गेलो आणि सांगितलं की मी त्या दिवशी मैदानात होतो खरा, पण रेकॉर्डर चालू होता की नाही ते मला आठवत नाही. वकिलाने माझ्याकडे पाहिलं आणि प्रतिज्ञापत्राचा तयार कागद परत पाकिटात घातला. मामा शेजारीच बसले होते. बाहेर पडल्यावर मी काहीतरी बोलायला लागलो, बायको, पोरीची शाळा, असंच... मामांनी मला थांबवलं. "तुझं नाव आहे रे त्याच्यात," ते म्हणाले. "ते मी काही काढणार नाही." आणि स्कूटर सुरू करून गेले. यानंतर सहा वर्षांत त्यांनी हा विषय माझ्याशी एकदाही काढला नाही. दिवाळीला फराळाला गेलो की विचारायचे, पोट्टी कशी आहे, कितवीत गेली. त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वस्ती केस हरली. तळं बुजवायला घेतलं त्या दिवशी मामा सकाळपासून काठावर उभे होते, रेकॉर्डर हातात धरून. ते रेकॉर्डिंग मी आता ऐकलं. सुरुवातीला बेडूक आहेत, धोबीघाटावरचे कपडे आपटल्याचे आवाज आहेत. मग पहिला डंपर येतो, माती पाण्यात पडते. दुपारपर्यंत माती पाण्यात पडल्याचा आवाज येत राहतो, नंतर मातीवर माती पडल्याचा. बेडूक कधी थांबले ते नेमकं कळत नाही. वस्तीला शहराबाहेर चौथ्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्या. फिरंतीनबाई तिथे दोन पावसाळे काढून गेली. इकडे मंडळांनी मामांना बोलावणं हळूहळू बंद केलं. साहेब अनेक समित्यांवर होते, कोण कशाला वाकडं घेईल? आणि याच मंडळांनी शोकसभेच्या स्टेजवर मामांच्या फोटोला हार घातला.

गेल्या आठवड्यात साहेब घरी आले. मी मामांच्या खोलीतल्या वायरी आवरत होतो. मेचं ऊन, खोली भट्टीसारखी तापलेली. साहेब खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "भाभीजी, एक निवेदन है. मनोहरजी का पूरा संग्रह हमारी समिति को दे दीजिए. उनके नाम से कक्ष बनाएँगे." मामी उठली. मला वाटलं पाणी आणायला. तिने भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. साहेबांनी वर पाहिलं.

"कोई बोलने लगे तो ये पंखा बंद कर देते थे," मामी शांतपणे म्हणाली. "चालीस साल की आदत है, अब मेरा भी हाथ जाता है." मग तिने कपाटातून रेकॉर्डर काढला, साहेबांसमोर स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. "अब बोलिए. कोसमपारा में कितने लोग बोले थे?"

साहेबांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ये क्या बात हुई, भाभीजी. मग, मैं फिर कभी आता हूँ. मामीने पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात. ते उठले आणि चपला घालताना दाराची चौकट धरून उभे राहिले, घामाने सदरा काळा पडला होता. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, अगदी आनंद झाला म्हटलं तरी चालेल. मी पंख्याचं बटण दाबायला उठलो.

"तू काहून उठला?" मामी म्हणाली. "बस. तुझं बाकी आहे."

लाल दिवा चालूच होता. मी बसलो. वरती जे लिहिलं तेच मी तेव्हा बोललो, मैदान, एकतीस माणसं, साहेबांचं 'नोट कर लिया', माझ्या वरिष्ठांचा पाजलेला चहा, वकिलाचं पाकीट. मध्येच थांबलो, पुन्हा सुरू केलं. नंतर वकिलाला विचारलं तर म्हणतो, आता याचा काही उपयोग नाही. शर्ट पाठीला चिकटला होता, डोळ्यांत घाम उतरत होता. मामी समोर भिंतीला टेकून बसून ऐकत राहिली आणि शेवटपर्यंत तिने पंखा लावला नाही.