एन्कोडर म्हणजे इनका डर

लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. दाराच्या फटीतून पडेल ते तिथं साचतं. हेअरपिना, गुटख्याच्या पुड्या, एका पायाची चप्पल! धाराशिव जिल्ह्यात मी लिफ्ट दुरुस्त करत फिरते आणि माझ्या डोक्यात किस्से असेच साचत जातात. फरक इतकाच की खड्डा अधूनमधून साफ करता येतो.

सुरुवात मालकांपासूनच करू. आमचे मालक आधी पाण्याच्या मोटारी विकायचे. इमारती उंच व्हायला लागल्या तसे हे लिफ्टवाले झाले. लिफ्टमधला एकच शब्द त्यांना पाठ आहे, एन्कोडर! मोटारीच्या पाठीला बसवलेला तो वाटीएवढा डबा. मोटार किती फिरली हे तो मोजतो, त्यावरून लिफ्टला कळतं की आपण कुठल्या मजल्यावर आहोत. तो चुकला की लिफ्ट भलतीकडं थांबते.

रफिकभाई माझ्या मदतीला नवीन आले तेव्हा मालक फोनवर ओरडले, "रफिक, एन्कोडर गेलाय!"

"इनका डर गया? किनका?"

"अरे, लिफ्टचा!"

"डर गया तो अच्छाच हुआ ना साब!"

तेव्हापासून आम्ही दोघं एन्कोडरला 'इनका डर' म्हणतो. मालकांना तो विनोद अजून कळलेला नाही.

*

काहीही बिघडो, मालकांचं निदान ठरलेलं. पंखा वाजतोय? एन्कोडर. दिवा लागत नाही? एन्कोडर. "इनका पेट बिगडा तो भी एन्कोडरच बदलेंगे," असं रफिकभाई म्हणतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका कॉम्प्लेक्समधून फोन आला, लिफ्ट वर गेलीय ती खाली येईना. मालकांनी खुर्चीत बसून, चहा पीत निकाल दिला, "तिथं जाऊन बघत बसू नका. एन्कोडर बदला!"

नवा एन्कोडर घेऊन आम्ही जिने चढलो. वरच्या मजल्यावर एका बियाणेवाल्यानं लिफ्टच्या दारात सोयाबीनचं पोतं आडवं लावलं होतं. दार मिटेना म्हणून लिफ्ट हलेना.

"माल उतरवून हुईस्तवर थांब म्हणलं तिला," तो म्हणाला. "तेवढ्यात जेवाय गेलतो."

रफिकभाईंनी तिथूनच मालकांना फोन लावला. "साब, दरवाजे में पोता है. बदलूँ क्या?"

*

आता एका नर्सिंग होमची गोष्ट. ऑपरेशन वरच्या मजल्यावर आणि वॉर्ड खाली, त्यामुळं पेशंटची ने-आण लिफ्टनंच व्हायची. ती लिफ्ट मजल्याला बरोबर न थांबता वीतभर खाली थांबायला लागली. मालकांनी अर्थातच एन्कोडर बदलायला लावला. दुखणं तसंच राहिलं, कारण एन्कोडर मोटारीला जिथं जोडतात तो जोडच झिजून सैल झाला होता. मोटार फिरायची, एन्कोडर अर्धामुर्धा फिरायचा. नवा बसवला तरी तो त्याच सैल जोडावर!

जोड सोलापूरहून मागवायचा आणि तोवर लिफ्ट बंद ठेवायची, असं मी सांगितलं. तशी पाटीही लावली. मालकांनी ती काढून टाकली. बंद लिफ्टनं त्यांचं नाव खराब होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालेल्या एका बाईचं स्ट्रेचर त्या वीतभर उंचीला अडकलं. असा हिसका बसला की ती बाई किंचाळली. तिथल्या सिस्टरनं मला फोन केला. मी तशीच मालकांपुढं जाऊन उभी राहिले.

"वीतभरच खाली थांबती ना?" मालक म्हणाले. "मग पेशंटनं वीतभर पाय उचलावा!"

"स्ट्रेचरवरच्या?" मी विचारलं.

त्यांनी पेपर उघडला. त्या माणसाची मला त्या दिवशी जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

*

ईट नावाच्या गावी एका पुढाऱ्याच्या बंगल्यात लिफ्ट आहे. गावात दुसरी नाही, म्हणून पाहुण्यांना आधी लिफ्ट दाखवतात, मग पाणी देतात. ती अडखळायला लागली म्हणून आम्ही गेलो.

"या या. मेकॅनिक कुठाय?" पुढाऱ्यानं माझ्या मागं बघत विचारलं.

"मीच."

"मग हे भाई?"

"हे गाडी चालवतात, अवजारं देतात आणि तुमच्यासारख्यांना उत्तरं देतात."

वर जाऊन एन्कोडरचं झाकण काढलं तर आत सगळं लाल! एन्कोडरमध्ये एक चकती असते, तिच्यातून उजेड आरपार जावा लागतो. त्या चकतीवर यांनी खंडेनवमीला झाकण उघडून हळदकुंकू वाहिलं होतं. वर अक्षता!

"अहो, हे काय केलंत?"

"मागच्या येळंला तुमचं मालकच म्हणालं न्हवं, ह्यो लिफ्टचा मेंदू हाय म्हणून?" पुढारी तावात आला. "मग कुंकू कपाळाला न्हाय तर कुठं लावायचं?"

*

धाराशिवातल्या कापड दुकानाचे आप्पा मात्र वेगळ्या जातीचे. त्यांच्याकडं सरकते जिने आहेत, एक चढायचा, एक उतरायचा. चढायचा कधी बिघडत नाही. उतरायचा रोज बंद! मालक म्हणाले, एन्कोडर. मी गिऱ्हाईक होऊन वर जाऊन बसले.

समोर येरमाळ्याचं लग्नाचं बस्त्याचं गिऱ्हाईक होतं. ढीगभर साड्या बघून ती मंडळी काही न घेता उठली. तसा आप्पांचा हात गल्ल्याशेजारच्या भिंतीवर गेला आणि लाल बटण दाबलं गेलं. जिना बंद!

"आता गं बया! मशिन बिघडली," आप्पा कळवळून म्हणाले. "पाय ठिवू नगा, मधेच सुरू झाली तर पडाल. दुरुस्त हुईस्तवर बसा अक्का, पैठणी बघा."

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. आप्पा जराही ओशाळले नाहीत. "मॅडम, तुमाला तरी खाली जायची एवढी काय घाई?"

*

मालकांनी जोड काही मागवला नाही, तेव्हा त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी शेवटी त्यांना बोलावून घेतलं. मालक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आम्हा दोघांना घेऊन आले. सिस्टर लिफ्टसमोर उभी होती. म्हणाली, "साहेब, पेशंट घालायचं भ्या वाटतंय हिच्यात."

"काय धाड भरलीय लिफ्टला? ही पोरगी उगं घाबरवती सगळ्यांना. बघा, मी बसून दाखवतो!"

दार मिटलं. लिफ्ट वर निघाली, गचका देऊन दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि आतला दिवा गेला.

आधी दार बडवल्याचा आवाज आला, मग माझा फोन वाजला. एरवी 'ए पोरी' म्हणणारे मालक एकदम 'ताई'वर आले होते. "ताई, काढा हो मला!"

"काढते ना साहेब. एन्कोडर बदलायला घेते."

"बदलू नका! आधी बघा! नीट बघा काय झालंय!"

मी वर जाऊन मेन स्विच पाडला आणि हातानं ब्रेक सोडायची चावी घ्यायला खाली आले. आतून आता येडेश्वरीला नवस चालले होते. मधेच मालक ओरडले, "बंद करा ही लिफ्ट! कुणाला बसू देऊ नका हिच्यात!"

सिस्टरनं काउंटरमागून माझी जुनी पाटी काढली, पुसली आणि दाराला अडकवली.

तेवढ्यात डॉक्टर धावत आले. "काय झालं? एन्कोडर गेला का?"

रफिकभाईंनी दाराला कान लावला. नवस नीट ऐकून घेतला आणि अदबीनं म्हणाले, "नहीं डॉक्टरसाब. इनका डर किधर जाता? अंदरिच है!"