रक्तातच असतं काहींच्या

“तुम्ही सारणाला हात नका लावू. खाली कागद अंथरा.”

सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या एका काँडोत आम्ही मराठी बायका दिवाळीच्या करंज्या करायला जमलो होतो. घर ज्यांचं, त्या वहिनी बोलल्या. हसून. माझ्या हातातली पारी तशीच राहिली.

“का हो?”

“अहो, तुमचं ते जेनेटिक आहे ना? रक्तातच असतं काहींच्या.”

काहींच्या! हा शब्द माझ्या ओळखीचा. पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकून याच बाई अशाच गोड हसल्या होत्या. माझ्या आजीच्या ओंजळीत गावात लोक वरून पाणी ओतायचे. मी वन-नॉर्थला नोकरी करते, यिशुनला माझा फ्लॅट आहे. तरी ती ओंजळ सुटेना.

झालं होतं काय, मी या बायकांना खरं सांगून बसले होते. मला ल्युकेमिया आहे, रक्ताचा कॅन्सर. रोज गोळी घेते. आजार किती उरलाय ते बघायला अधूनमधून रक्ताची जेनेटिक टेस्ट होते. आमच्या मराठी लोकांना जेनेटिक म्हणजे खानदानी. विषय संपला.

मी कागद अंथरले. हो, मुकाट्यानं अंथरले. संताप संताप झाला होता नुसता.

परतताना एमआरटी मेट्रोत, माझ्यासोबत आलेली माझी मुलगी हळूच म्हणाली, “ममी, आय ऑल्सो गॉट बॅड ब्लड, इज इट?”

मला काय म्हणायचं ते म्हणा. पण माझ्या पोरीनं स्वतःच्या रक्ताला घाबरायचं?

त्याच आठवड्यात टेस्ट होती. तिला सोबत नेलं. डॉक्टरांना म्हटलं, हिलाच सांगा. त्यांनी सांगितलं: हा बिघाड आईच्या रक्तपेशींत, ती मोठी झाल्यावर झाला. तिच्या आईवडिलांकडून आला नाही, तुझ्याकडे येणार नाही.

“सो आंटी रॉंग, लाह,” पोरगी म्हणाली.

दिवाळीच्या कार्यक्रमात वहिनी ताट घेऊन आल्या. “घ्या ना करंजी.”

“ज्या करंजीला माझा हात चालत नाही, ती मी खात नाही.”

“अहो, गैरसमज होतोय तुमचा...”

“मुळीच नाही. माझा आजार मला आईबापानं दिलेला नाही, वहिनी. तुमचा घरातून आलाय. पोरांना देऊ नका.”

मुलीनं माझा हात घट्ट धरला होता.

आता टेस्ट असली की आम्हा बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ लिहिते: येणार नाही, जेनेटिक टेस्ट आहे. खाली आडनावासकट नाव. आणि कागद मी पुन्हा अंथरणार नाही. कुणाच्याच घरी.