खांदाझापआजीची शुद्ध बुर्यात

सायबेरियातल्या आमच्या बारगुझिनच्या खोऱ्यात खांदाझापआजीसमोर बोलायचं म्हणजे जीव मुठीत धरून. बुर्यात बोलताना तोंडून रशियन शब्द निसटला की संपलंच. मला एकदा टेलिफोनला "दूरबोल्या" म्हणायला लावून तिनं चार शेजारणींत माझं पार हसं केलं. तो राग माझ्या मनात अजून आहे, उगाच खोटं का बोला!

यंदा पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणात गावच्या सभागृहात स्पर्धा ठेवली. आपलं आयुष्य सांगायचं, पण निव्वळ बुर्यातमध्ये. एक रशियन शब्द माफ, दुसऱ्याला बाद. बक्षीस एक धष्टपुष्ट मेंढी. आजीनं स्पर्धेआधीच सात घरांना मेंढीचं मांस भरून उकडलेले बूझ खायला बोलावून टाकलं.

सुरुवात तिनं झोकात केली. नदी, घोडे, बर्फ... एकही शब्द उसना नाही. "आई पहाटे उठायची, गाई पिळायची, मग आमच्यासाठी खिलेमेन भाजायची—"

परीक्षक बाल्दान मास्तरांनी घंटा वाजवली.

"का वाजवलीस रे? खिलेमेन म्हणजे पाव!"

"आजी, तो शब्द रशियनांकडून आलाय."

"हट्! माझी आजी म्हणायची तो शब्द!"

"तिच्या आजीच्याही आधी आलाय."

सभागृह खिदळलं. मी तर जरा जास्तच.

आजीनं ओठ आवळले आणि पुढे निघाली. "मग माझं लग्न झालं. नवऱ्याचं नाव रिन्चिन. तो..." ती अडली. रिन्चिन एकतीस वर्षं काय चालवत होता, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या रांगेतून तिची लेक सोयझिमा कुजबुजली, "आई, लोखंडी बैल म्हण! लोखंडी बैल!"

"तुझा बाप कधी म्हणाला होता का गं लोखंडी बैल?" आजी कडाडली. मग मास्तरांकडे वळली. "वाजव तू. तो ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर!"

घंटा वाजली. मेंढी गेली, सात घरांत नाक कापलं गेलं. आजी मात्र जागची हलली नाही.

"घरी यायचा तो चिखलात लडबडून, अंगाला डिझेलचा वास. मी नाक मुरडायची. आता तीन वर्षं झाली त्याला जाऊन..."

"डिझेल"ला मास्तरांनी घंटा वाजवली नाही. मला रडू आवरेना.

"त्याचा कोट मी अजून धुतलेला नाही," आजी म्हणाली.