शुक्रवारच्या टाळ्या

आमच्या घरी शुक्रवारी जेवणाआधी भाषण व्हायचं. लोकांकडे आरती होते, आमच्याकडे मी व्हायचे.

बाबा अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. लोखंडी जिने, टाक्या, कठडे असलं काय काय तिथे बनायचं. आठवडाभर ते तिथेच कंपनीच्या खोलीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी पिकअप घेऊन शारजाला, आई आणि मी राहायचो त्या फ्लॅटवर यायचे. येताना हाताखालच्या दोघातिघांना सोबत आणायचे. सगळे कोकणातले, बायकापोरं गावी. रात्री हॉलमध्ये चटया पडायच्या. शुक्रवारी आईच्या हातची सुरमई खायला मिळणार, एवढ्यावर त्या माणसांचा आठवडा निघायचा. पण ताटं मांडण्याआधी बाबा टीव्ही बंद करायचे आणि मला म्हणायचे, "बाय, होऊन जाऊ दे."

मग मी टीव्हीशेजारी उभी राहायचे. बाबांच्या सगळ्यात आवडीचं भाषण पाण्यावरचं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. "जिथे पाऊस पडत नाही अशा गावातून मी बोलते आहे," अशी त्याची सुरुवात. ते भाषण मी इतक्या शुक्रवारी केलं की आईला आमटी ढवळता ढवळता ते पाठ झालं होतं. शेवटी सगळे टाळ्या वाजवायचे. सगळ्यात जोरात बाबा.

ही विद्या मला शाळेत मिळाली. इंग्रजीच्या मॅडम वादविवादाचा संघ तयार करायच्या. त्या सांगायच्या, ऐकणाऱ्याच्या मनाला तीन दारं असतात. पहिलं विश्वासाचं: मी कोण, माझं का ऐकावं. दुसरं काळजाचं. तिसरं हिशेबाचं, म्हणजे कारणं आणि पुरावे. एक बंद असेल तर दुसरं ठोठवायचं. शिवाय लहानसहान युक्त्या होत्याच. महत्त्वाचा शब्द तीनदा म्हणायचा. उत्तर नको असलेला प्रश्न विचारायचा आणि क्षणभर थांबायचं. समोरचा काय बोलणार ते आपणच आधी बोलून टाकायचं म्हणजे त्याच्या तोफेत दारूच उरत नाही. मी हे सगळं गिळलं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, मी तर सोनं विकायला निघाले होते. कुठलंही दार आपल्याला उघडता येतं अशी माझी बालंबाल खात्री होती.

दहावीच्या वर्षी, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, एका शुक्रवारी पाहुणे जेवून हॉलमध्ये आडवे झाल्यावर बाबा म्हणाले, "परीक्षा झाली की तू आणि आई गावी जा. पुढचं तिकडे कर."

गाव म्हणजे मला दोन वर्षांतून एकदा भेटणारी जागा होती. माझं घर ह्या फ्लॅटमध्ये होतं, खडखडणाऱ्या एसीसकट. आणि आम्ही गेलो तर बाबा त्या हॉलमधल्या चटयांवरच्या माणसांसारखे होणार, हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मला आम्ही तिघं एकत्र हवे होतो. बाकी काही नको होतं.

"बट व्हाय?" मी विचारलं.

"तिकडचं शिक्षण चांगलं."

झालं. मला मुद्दा मिळाला. पुढच्या शुक्रवारी मी शाळेतले बारावीचे निकाल बाबांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते वाचले आणि म्हणाले, "खरं आहे." मग त्यांचा दुसरा मुद्दा आला: मुलीनं आपल्या माणसांत वाढावं. मी म्हटलं, "बाबा, माझी माणसं कोण? यू टू. जस्ट यू टू." "हेही खरं आहे," ते म्हणाले. मग एकदा म्हणाले की आईची तब्येत इथे बरी नसते. आईनंच स्वयंपाकघरातून सांगितलं, "मला काही झालेलं नाही हो." असे आठवडे जात राहिले. एकेक मुद्दा मी पाडत गेले आणि ते "खरं आहे" म्हणत गेले. वादविवादाच्या स्पर्धेत असा प्रतिस्पर्धी मिळाला असता तर ढाल घरी आली असती.

पण तिकिटं काढायची बोलणी काही थांबेनात. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले. हिशेबाचं दार उघडून काही होत नाही तर काळजाचं उघडू, असं ठरवलं, आणि त्यासाठी शुक्रवारच्या भाषणाची वेळ निवडली. माणसांदेखत बाबांना नाही म्हणता येणार नाही, हा माझा डाव.

त्या शुक्रवारी वर्कशॉपमधले तीन काका होते. बाबांनी टीव्ही बंद केला. मी सुरुवात केली, "आज पाण्यावर नाही, घरावर बोलते." मग मी सगळी आयुधं काढली. दर गुरुवारी खिडकीतून पिकअपची वाट बघणारी मुलगी आणली. बाबांचे वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पोळलेले हात आणले. घर म्हणजे भिंती का, घर म्हणजे छप्पर का, घर म्हणजे पत्ता का, असं तीनदा विचारलं आणि थांबले. शेवटी सरळ बाबांकडे बघून म्हटलं, "आम्हाला पाठवू नका."

काकांपैकी दोघं डोळे पुसत होते. आई दाराशी उभी होती, हातात आमटीचा डाव तसाच. टाळ्या पडल्या. आणि बाबाही टाळ्या वाजवत होते. कौतुकानं, नेहमीसारखे, सगळ्यांत जोरात. मी काय मागितलं ते त्यांनी ऐकलं होतं, तरी हात वाजतच होते. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. वर्षानुवर्षं ह्याच जागी उभं राहून बोलल्यावर खरं बोलणंही भाषणच ठरतं, हे मला मॅडमनी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात एक काका, बाबांच्याच हाताखालचे, म्हणाले, "दादा, पोरीच्या जिभेवर सरस्वती हाय! हिलाच घेऊन जा ना मॅनेजरकडे. तू पगार कापलास त्याच्यामुळे आमच्या दादाचा फॅमिली व्हिसा होत नाय, असं ही त्याला सांगेल तर तो रडेल, हबीबी!"

हे ते अगदी चांगल्या मनानं बोलले. आम्हाला माहीत असेलच, असं त्यांनी धरलं होतं. सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं.

बायकोमुलांना इथे ठेवायचं तर माणसाचा पगार अमुक इतका असावा लागतो, असा नियम होता. मॅनेजरनं कापल्यावर बाबांचा पगार त्या रेघेखाली गेला होता, त्यामुळे आमच्या व्हिसाची मुदत पुढे वाढणार नव्हती. एवढंच. शिक्षण नाही, आपली माणसं नाहीत, आईची तब्येत नाही. झाकली मूठ होती, ती माझ्या भाषणानं त्यांच्याच माणसांदेखत आमच्यापुढे उघडली. बाबांचे हात टाळीच्या मध्येच थांबले होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिलाही ते आत्ताच कळत होतं.

"जेवा रे," बाबा म्हणाले, "मासे गार होतायत."

सगळे खाली मान घालून जेवले. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

संध्याकाळी पिकअप निघण्याआधी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. "तुझे सगळे मुद्दे बरोबर होते, बाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं?"

इतके आठवडे मी ज्या माणसाचं मन वळवत होते त्याचं मन पहिल्यापासून माझ्याच बाजूला होतं. समोरच्या बाकावर कुणी नव्हतंच. मी शाळेत जाऊन मॅडमना विचारलं, नियमाला कुठलं दार असतं? "रूल इज रूल, डिअर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या स्पर्धेचा विषय सांगितला.

परीक्षा संपली आणि आम्ही निघालो. विमानतळावर बाबा म्हणाले, "तिकडच्या स्पर्धांत नाव दे." मी मान डोलावली. फ्लॅट सोडून ते कायमचे मुसफ्फाच्या खोलीत राहायला गेले, आठ जणांत.

तिकडे कॉलेजात मी एकाही स्पर्धेत नाव दिलं नाही. उभं राहायचं म्हटलं की बाबांचे हात टाळीच्या मध्ये थांबलेले दिसायचे. बाबांना हे सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगण्याची पद्धत पडलीच होती. दोन हजार साल उलटलं तरी ते परतले नव्हते. "अजून एक वर्ष, इन्शाल्ला," म्हणायचे. दर शुक्रवारी जेवणाच्या वेळेला कामगारांच्या कॅम्पबाहेरच्या फोनबूथवरून फोन करायचे. आधी आईशी बोलणं, मग मी.

"बाय, नवीन काय बसवलंस? म्हणून दाखव."

एका शुक्रवारी मला थाप मारायलाही काही सुचेना. म्हणून मी तेच जुनं सुरू केलं. "जिथे पाऊस पडत नाही अशा गावातून मी बोलते आहे..." बाहेर आमच्या अंगणात चिखल होता. बाबा ऐकत राहिले. ते नवीन नाही, हे त्यांना पहिल्याच वाक्याला कळलं असणार. मी कशीबशी शेवटापर्यंत आले आणि तिथे अडकले.

फोनवर नुसता गाड्यांचा आवाज येत होता. मग बाबांनी माझं शेवटचं वाक्य हळू आवाजात म्हटलं, "म्हणून आहे तोवर जपा. सांडलेलं परत भरता येत नाही."

"हो," मी म्हटलं.

"छान बोललीस."

रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला असावा, कारण मग टाळ्या ऐकू आल्या. एकट्याच्या. मागून रांगेतलं कुणीतरी, आटपा म्हणून, "यल्ला, यल्ला" ओरडेपर्यंत ते वाजवत होते.